दुरून दिसलेली जागा

"वहिनी, रोशनचा पासपोर्ट आला का?" रितिकानं विचारलं तेव्हा माझ्या हातात प्रशिकचा डावा बूट होता, आणि उजवा पायात घालून तो धरमपेठेतल्या त्या दुकानाच्या आरशासमोर आपटत होता. मी म्हणाले, "नाही अजून." इतक्या सहज म्हणाले की जणू घरात रोज सकाळी आम्ही दोघं त्याच विषयावर बोलतो. "पोलीस येऊन गेले ना घरी? मग येईलच. माझ्या वेळी असाच आला होता," ती म्हणाली, आणि प्रशिकच्या डोक्यावर टपली मारून, "काय रे हिरो, लाल बूट?" असं विचारून, गॉगल डोक्यावर सरकवून निघून गेली. काचेच्या दारातून तिची स्कूटर निघालेली मला दिसली. दुकानदार विचारत होता, हाच साइज देऊ का मोठा देऊ, पोरांचे पाय लवकर वाढतात. मी मोठा द्या म्हणाले. घरी आल्यावर लक्षात आलं की बूट प्रशिकच्या पायातून चालताना निघतात.

रोशन माझा नवरा. हिंगण्याच्या एका कंपनीत तो तपासणीला आहे. यंत्राचे गोल भाग मापात आहेत की नाहीत ते पाहतो, आणि केसाएवढा फरक असला तरी बाजूला काढतो. रितिका त्याची कंपनीतली कोणी नाही. चर्चच्या मागच्या खोलीत शनिवारी पाच-सहा लोक जमतात आणि पवित्र शास्त्रातल्या गोष्टी आपल्या नागपुरी बोलीत करतात, ऐकण्यासाठी, म्हणजे ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही कळाव्यात म्हणून. त्या कामाची ती प्रमुख. ती यरुशलेमला राहून हिब्रू शिकून आली आहे. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आहे आणि मला वहिनी म्हणते. मी तिला काय म्हणायचं हे कुणी ठरवलेलं नाही, म्हणून मी तिला काहीच म्हणत नाही. वाक्य असं फिरवते की हाक मारावी लागणार नाही.

पासपोर्ट. ई-रिक्षात बसल्यावर मी तो शब्द मनात उलटापालटा करत राहिले, आणि एकेक गोष्ट आपोआप जागेवर जाऊन बसू लागली, जशी ती बसू नये असं वाटत असतानाच बसते. पोलीस घरी येऊन गेले म्हणजे कधी? मी मागे प्रशिकला घेऊन कामठीला माहेरी गेले होते तेव्हाच. परत आले तर ओट्यावर चांगल्या सेटमधले दोन कप पालथे घातलेले होते. मी सासूबाईंना विचारलंही होतं, कोण आलं होतं? "वार्डातला कोणी," त्या म्हणाल्या आणि पोळीचा गोळा नको इतका मळत राहिल्या. चांगला सेट वार्डातल्यासाठी निघत नाही. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. आणि बातम्या. गेल्या काही दिवसांत टीव्हीवर यरुशलेमच्या त्या देशाचं नाव आलं, सायरनचे आवाज आले, लोक जिन्यावरून तळघराकडे पळताना दिसले की रोशन आवाज कमी करायचा. मला वाटायचं, प्रशिक घाबरेल म्हणून करतो. मी त्याच्याकडे प्रेमानं पाहिलंही होतं एकदा. ते पाहणं आता मला परत हवं होतं. दुकानातून पैसे परत आणता येतात तसं.

मी बारीक लक्ष ठेवणारी बाई आहे, हे मला कुणी सांगायला नको. मायक्रोबायोलॉजी शिकताना सर म्हणायचे, मेघा, तुला प्लेटवर जे उगवलेलं नाही तेही दिसतं. तेव्हा ते कौतुक होतं. प्रशिक झाल्यावर लॅबची नोकरी सुटली आणि ती नजर घरातच राहिली. त्याचा श्वास, त्याचा ताप, रोशनच्या शर्टाचा खिसा, सासूबाईंचा स्वर. रितिकाच्या बाबतीत मला तसं काही दिसलेलं नव्हतं. तिच्या अत्तराचा वास नाही, चोरटा मेसेज नाही. दिसला होता फक्त एक हिब्रू शब्द.

तो मी स्वयंपाकघरात उभी असताना ऐकला. रोशन गॅलरीत उभा राहून फोनमध्ये बोलत होता, समोर कुणी नसताना बोलतात तसं, रेकॉर्ड करून पाठवायला. "माकोम," तो म्हणाला. मग थांबला. मग म्हणाला, "रितिका, जागा म्हणून सोडून देऊ नको त्याला. 'कूम'पासून आहे तो. उठणं, उभं राहणं. म्हणजे माणूस जिथं उठून उभा राहतो ती जागा. आणि पाह्य ना, गोष्टीत त्या जागेचं नाव नाही सांगत. नुसतं 'ती जागा, ती जागा' म्हणत राहते. नंतरच्या ज्यू पंडितांनी तर देवालाच म्हणायला सुरुवात केली, जागा. म्हणे, जग त्याच्यात मावते, तो जगात नाही मावत." आणि मग तो हसला. ते हसणं. मी फोडणी जळू दिली. ते हसणं मला ठाऊक होतं. लग्नाआधी अंबाझरीच्या काठावर बसून तो मला मापं समजावून सांगायचा तेव्हा असाच हसायचा. मापात न बसलेल्या चकत्या तो माझ्यासाठी खिशातून आणायचा, चकचकीत, जड, हातात घेतल्यावर गार लागणाऱ्या. "हे पाह्य, दिसते का काही फरक?" मला दिसायचा नाही. "मलेबी नाही दिसत," म्हणायचा, "बोटाले कळते." आणि हसायचा. माझ्याकडे तशा चकत्यांनी भरलेला एक डबा आहे. पण शब्द एकही नाही. शब्द सगळे तिकडे गेले.

तसं पाहिलं तर यात रितिकाचाही दोष नाही आणि त्याचाही नाही. दोष असलाच तर माझ्या बाबांचा. आम्ही कामठीचे, बौद्ध. रोशनचं घर मराठी ख्रिस्ती, दोन पिढ्यांपासून. लग्नाचं विचारायला तो एकटाच आला होता, शर्ट खोचून, आणि बाबांनी, रविंद्र त्यांचं नाव, त्याला चहा देऊन एकच अट घातली. "लगीन करा, कोर्टात करा, आमची ना नाही. पण माह्या पोरीले तुमचा धरम शिकवाचा नाही. एक गोष्टबी सांगाची नाही. आमचं हे आम्ही फुकट नाही मिळवलं." रोशन म्हणाला, "शब्द देतो, बाबा." आणि त्यानं तो पाळला. लोक डॉक्टरनं सांगितलेलं पथ्य पाळतात तसा पाळला. घरात एका फळीवर बुद्धाची मूर्ती, दुसरीवर त्यांचा क्रूस, आणि मध्ये आम्ही. तो सकाळी अर्धा तास वाचायचा ते दार लोटून. प्रशिकला झोपवताना मी माझ्या गोष्टी सांगायचे, तो रेल्वेच्या सांगायचा. लॉकडाऊनमध्ये कंपनी बंद पडली आणि एका निवृत्त पाद्रीकडे ऑनलाइन तो हिब्रू शिकू लागला. तेव्हा मला सातवा महिना होता. माझ्या पोटात मूल वाढत होतं आणि त्याच्या तोंडात अक्षरं. मूल आमचं दोघांचं झालं. अक्षरं त्यानं माझ्यापासून लांब, वहीसकट, वरच्या फळीवर ठेवली, कारण त्यानं शब्द दिला होता. आणि मी इतकी वर्षं त्याला मोठ्या मनाचा समजत आले. मैत्रिणींना सांगायचे, पाहा, माझ्यावर काही लादत नाही. न लादता लादता माणूस रिकामा होऊन घरी येतो, हे मला त्या दिवशी जळक्या फोडणीच्या वासात कळलं. घरी येतो, जेवतो, पोराला खांद्यावर घेतो, पाण्याची मोटर लावतो. उरलेला कुठेतरी दुसरीकडे असतो. तिथं त्याचं बोलणं ऐकायला एक बाई असते, आणि तो हसला की तीही हसते.

आणि वाईट याचं वाटलं की त्या शब्दावर मला बोलता आलं असतं. उठून उभं राहण्याची जागा. माझी आजी, भीमाबाई, छप्पन साली आईचा पदर धरून दीक्षेच्या मैदानावर उभी होती, लहान पोर. पुढे दर वर्षी ती आम्हाला तिथं न्यायची आणि गर्दीतून ढकलत एका ठिकाणी थांबून म्हणायची, "मी इथंच उभी होती वं." पुढच्या वर्षी दुसऱ्याच ठिकाणी. एकदा पुस्तकांच्या स्टॉलपाशी, एकदा पार पलीकडे नळापाशी, आणि प्रत्येक वेळी पायाखाली पाहून तेवढ्याच खात्रीनं. आम्ही कुणी तिला कधी चूक दाखवली नाही. ती तिथं उभी राहिली की ती जागा तीच व्हायची. हे मी रोशनला सांगितलं असतं तर तो नक्की हसला असता, तसा, ते हसणं. पण त्यानं मला विचारलं नव्हतं, आणि शब्द मी चोरून ऐकलेला होता. चोरलेल्या वस्तूवर आपलं काही जडवून परत कसं देणार? मी फोडणी पुन्हा केली.

आता पासपोर्ट. त्या संध्याकाळी तो कंपनीच्या बसमधून उतरून आला, हात धुतले, प्रशिकचे नवे बूट पाहिले. "मोठे झाले ना वं?" म्हणाला. मी म्हणाले, "वाढेल तो." मी वाट पाहत होते. पोळी वाढताना, पाणी देताना, त्याच्या तोंडाकडे पाहत. तो सांगेल. आज नाही तर उद्या. मी त्याला संधी देत राहिले, मुद्दाम, एखाद्याला पकडायचं असलं की देतात तशा. "शनिवारी काय आहे मग तुमचं?" मी विचारलं. तो दचकला. सासूबाई वरणातलं मीठ पाहत होत्या. त्यांचा चमचा वाटीत थांबला. आणि रोशन म्हणाला, "हाव, तेच सांगणार होतो." मी हातातली पोळी त्याच्या ताटात ठेवली. "रितिका म्हणत होती, तू येशील का? आम्हाले ऐकणारं पाहिजे कोणी. ज्यानं गोष्ट कधीच ऐकली नाही असं. चर्चमधले सगळे लहानपणापासून ऐकून बसले आहेत, ते गोष्ट चुकली तरी बरोबरच सांगतात. तू नाही ऐकली ना एकही." "नाही," मी म्हणाले. "तूच नाही सांगितली." "मी सांगितली नाही," तो म्हणाला, आणि त्यात थोडा अभिमान होता. सासूबाई हसल्या. "जाय वं मेघा. तेवढंच बाहेर निघशील. घरात बसून बसून भिंतीले डोळे लावून राहते." मी त्यांच्याकडे पाहिलं, म्हणाले, "आई, भिंतीला नाही, कपांना." त्यांना कळलं. त्या उठून आत गेल्या आणि बराच वेळ भांडी घासण्याचा आवाज आला, भांडी मी आधीच घासलेली असताना.

मी जायचं ठरवलं ते त्या दोघांना एका खोलीत पाहायला. दुसरं काही कारण नव्हतं. आठवडाभर रोशन काही बोलला नाही, आणि आठवडाभर मी आरशासमोर उभी राहून रितिकाचा चेहरा माझ्या चेहऱ्यावर ठेवून पाहत होते. गॉगल डोक्यावर. वहिनी म्हणण्याची ती सहज पद्धत. ती तिकडे राहिलेली, त्या सायरनच्या देशात, पायऱ्या-पायऱ्यांच्या गल्ल्यांत. आणि आता तो जाणार, ती ज्या गल्लीतून चालली त्या गल्लीतून, ती बोलायची ती भाषा बोलत. मग परत आल्यावर त्या दोघांजवळ एक गाव असेल. नवरा-बायकोजवळ असतं तसं. आमच्याजवळ काय आहे? जयताळ्याची भाड्याची दोन खोल्यांची जागा आणि चकत्यांचा डबा. एका दुपारी मी तो डबा उघडून सगळ्या चकत्या पलंगावर ओतल्या आणि प्रशिकला म्हणाले, खेळ. त्यानं एक तोंडात घातली. मी ती काढली, त्याला मारलं, मग त्याला छातीशी धरून रडले. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "मम्मी, गोड नव्हतं."

शनिवारी त्या खोलीत पंखा कुरकुरत होता आणि खिडक्या बंद होत्या, आवाज येऊ नये म्हणून. टेबलावर एक रेकॉर्डर, त्यामागे रोशन. समोर रितिका, मांडीवर कागद. मी खुर्चीवर, प्रशिक माझ्या मांडीवर बिस्किटाचा पुडा घेऊन. रितिकानं नियम सांगितले, फार गोड सांगितले. गोष्ट दोनदा लावायची. मग मी ती माझ्या बोलीत परत सांगायची, जशी आठवेल तशी. कुणी मध्ये बोलायचं नाही, चुकलं तर दुरुस्त करायचं नाही, खूण करायची नाही. आणि ज्यानं गोष्ट केली त्यानं तर माझं पूर्ण होईपर्यंत तोंडच उघडायचं नाही. "तो बोलला की सगळं वाया," ती म्हणाली. "मग ऐकणारं माणूस आमच्या काही कामाचं राहत नाही. बरोबर-चूक काही नसतं, वहिनी. तुम्हाला कळलं नाही तर चूक आमची." मग तिनं बटण दाबलं, आणि रोशनचा आवाज आला.

तो मशीनमधून आला. तो स्वतः तिथं बसलेला होता, ओठ मिटून, नखं पाहत, आणि त्याचा आवाज टेबलावरून मला गोष्ट सांगत होता, बोलीत, घरच्यासारखी. लग्नाला पाच वर्षं झाली. त्यानं मला सांगितलेली ही पहिली गोष्ट. चांगली सांगत होता. मला ते नको होतं, पण चांगली सांगत होता. म्हातारपणी झालेला एकुलता एक पोरगा. देव बापाला म्हणतो, त्याला घे आणि मी सांगेन त्या जागी नेऊन त्याचा बळी दे. बाप सकाळीच उठतो. गाढवावर खोगीर घालतो, लाकडं फोडतो, दोन गडी आणि पोराला घेऊन निघतो. "तिसऱ्या दिवशी त्यानं मान वर करून पाह्यलं, तं ती जागा त्याले दुरूनच दिसली." प्रशिकनं बिस्किट मोडलं. त्याचा चुरा माझ्या साडीवर पडला आणि मी तो एकेक करून उचलत राहिले, कारण पोरगं बापाला विचारत होतं, विस्तव आहे, लाकडं आहेत, बळीचं जनावर कुठं आहे? मी प्रशिकच्या पोटावर हात ठेवला. तो गरम होता, श्वास घेत होता. शेवटी पोरगं वाचलं. झुडपात शिंगं अडकलेला मेंढा सापडला. बापानं त्या जागेला नाव दिलं. रितिकानं परत एकदा लावली. दुसऱ्यांदा मी फक्त एकच गोष्ट ऐकत होते, जी त्यात नव्हती.

"आता तुम्ही," रितिका म्हणाली.

मी सुरू केलं. माहेरी बोलते तसंच बोलले. या घरात आल्यापासून ती बोली माझ्या तोंडात अशी आली नव्हती. "एक माणूस होता. त्याले देव म्हणे, तुह्यं पोरगं घेऊन मी दाखवतो त्या जागी जाय अन् त्याचा बळी दे. तं तो सकाळी, सगळे झोपून राहिले असतील तवाच, उठला. गाढवावर खोगीर घातलं. लाकडं फोडली, म्हणजे आवाज झाला असंल. दोन गडी संग घेतले. गड्यायले सांगितलं आपण जाऊन राहिलो म्हणून. पोराले घेतलं. बायकोले सांगितलं नाही."

रितिकाचं पेन थांबलं. रोशननं मान वर केली.

"तीन दिवस ते चालले. गडी संग होते, पोरगं संग होतं, पण जागा कोणाले दिसली नाही. त्याले एकट्याले दिसली, दुरून. मंग त्यानं गड्यायले थांबवलं. लाकडं पोराच्या पाठीवर देल्ली. पोरगं विचारते, बळीचं जनावर कुठं आहे, तं बाप म्हणते, देव पाहून घेईल. पोराले बांधलं. सुरी उचलली. देवानं हात धरला. मेंढा सापडला. पोरगं वाचलं. बाप खूश झाला, त्यानं जागेले नाव देल्लं." मी थांबले. कुणी काही म्हणायचं नव्हतं आणि कुणी म्हणत नव्हतं. पंखा कुरकुरत होता. मला तेव्हा जाणवलं की ही खोली माझी आहे. मी जोवर बोलतेय तोवर हा माणूस, जो मला काही सांगत नाही, त्याला ऐकावंच लागणार आहे, आणि ती, जिला तो सगळं सांगतो, तिला माझा शब्दन् शब्द उतरवावा लागणार आहे. मी हळू बोलू लागले. "मंग ते घरी आले असतील. आईनं विचारलं असंल, कुठं गेल्ते बापलेक? पोराच्या मनगटाले दोरीचे वळ असतील. तिनं पाह्यले असतील. आयांले दिसते. गोष्टीत ते नाही."

रितिका म्हणाली, अगदी हळू, कागदावरचाच प्रश्न विचारावा तशी, "जागा म्हणजे तुम्ही कशी समजलात?"

"आधी वाटलं, प्लॉट असंल त्यायचा कुठं," मी म्हणाले. रितिका हसली नाही. "मंग समजलं. जी एकालेच दिसते ती. बाकीचे नुसते चालतात मांगं मांगं."

"आणि बायकोला सांगितलं नाही, हे तुम्ही गोष्टीत ऐकलंत?"

"नाही ऐकलं," मी म्हणाले. "म्हणूनच म्हणून राहिली. गाढवाचं आहे, लाकडाचं आहे, झुडपाचं आहे. पासपोर्टवाला पोलीस घरी येऊन चहा पिऊन गेला, तेवढं नाही."

"मेघा, मी सांगणार होतो," रोशन म्हणाला.

रेकॉर्डरवरचा लाल दिवा जळतच होता. रितिकानं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आठवडाभर आरशात पाहिलेल्या चेहऱ्यात नव्हतं. ती लाल झाली. "तू सांगितलं नव्हतंस? मी त्या दिवशी दुकानात वहिनींना... अरे यार, रोशन!" तिनं बटण बंद केलं. "आणि वरून बोललास. झालं, हे सगळं बाद! किती महिन्यांनी मिळाली होती एक ऐकणारी, पागल आहेस का बे तू?" ती खरोखर चिडली होती, त्याच्यावर, कामासाठी, आणि थोडी माझ्यासाठीही. त्या चिडण्यात चोरीचं काही नव्हतं. मी पाहत होते, मला पाहता येतं. काहीच नव्हतं. तरी माझ्या आतलं गेलं नाही. ते तसंच राहिलं, फक्त त्याला टेकायला जे खांब होते ते गेले. रितिका उठली, प्रशिकसमोर वाकली. "चल हिरो, बाहेर शेळ्या आहेत. बिस्किट देऊ त्यांना." आणि तो गेला. एकदाही मागे न पाहता, तिचं बोट धरून, सैल बूट फटफटवत. तेवढ्यानंही मला लागलं.

खोलीत आम्ही दोघंच राहिलो. "हिब्रूचं शिक्षण, सहा महिने आहे," तो म्हणाला. "कंपनी बिनपगारी सुट्टी देते. राहण्याचं तिथल्या लोकायचं. पक्कं झालं की सांगू, आधीच काहून टेन्शन द्याचं, असं आई म्हणे. अन् विषय तो धरमाचा. तुह्या बाबाले शब्द देल्ला होता."

"त्यात पासपोर्ट नव्हता."

तो म्हणाला, "नव्हता."

"त्यात असलं काहीच नव्हतं, रोशन. बाबा म्हणाले होते, तिले बदलू नको. मले काही सांगू नको, असं मी कधी म्हटलं?"

"मले वाटलं, तेच बरं."

"तुले बरं."

बाहेर प्रशिक ओरडत होता, शेळीनं बिस्किट घेतलं, घेतलं! रोशननं रेकॉर्डरची वायर बोटाभोवती गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. "मी जात नाही," तो म्हणाला. "तू नाही म्हण. एकदा म्हण, मी आत्ता रितिकाले सांगतो, रद्द." त्यानं ते मनापासून म्हटलं. डोळ्यांत पाणी होतं. आणि मला दिसलं, दुरून, स्वच्छ दिसलं, की मी नाही म्हटलं तर पुढची सगळी वर्षं मी कुठं उभी राहणार आहे. जेवताना, पाणी देताना, टीव्हीवर ते गाव दिसलं की. तो कधी बोलून दाखवणार नाही. तेवढा तो चांगला आहे. मोटर लावेल, पोराला खांद्यावर घेईल, आणि मी त्याच्या आणि त्या शब्दाच्या मध्ये उभी असेन. आणि जा म्हणाले तर? तर मी मोठ्या मनाची, सायरन ऐकत दिवस मोजणारी, सासूबाई सगळ्यांना सांगणार, आमच्या मेघानं पाठवलं बरं. तीही जागा त्यांनीच झाडून ठेवलेली.

"तू जाय," मी म्हणाले. "पण मी वाट पाहत बसणार नाही. मी लॅबमध्ये विचारते. जुन्या सरांचा मेसेज आला होता, मी तुला सांगितला नाही." तसा मेसेज आला नव्हता. "प्रशिक कामठीला राहील, का माझ्यासोबत, का आणखी कुठं, ते मी पाहीन. जयताळ्याची जागा ठेवायची का सोडायची, तेही. तिकडून फोन करशील तेव्हा विचारायचं, कुठं आहात? मी सांगेन. नाहीतर नाही सांगणार."

"असं काहून म्हणते?" तो म्हणाला. "म्हणजे कुठं? कोणासंग?" शेवटचा शब्द त्याच्या तोंडून निघून गेला आणि त्याचा त्यालाच ऐकू आला. तो माझ्याकडे पाहू लागला. चकती बोटात फिरवून पाहायचा तसा. काय चुकलंय ते दिसत नव्हतं आणि बोटाला कळत होतं. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला, आणि तो कुठल्या चेहऱ्यात बदलतोय ते मी ओळखलं, कारण तो संशयाचा चेहरा आठवडाभर माझा होता. मला वाटलं होतं, हे पाहून मला बरं वाटेल. बरं वाटलं नाही. पण मी नजर काढली नाही.